घरची तबकडी

गेल्या दोन महिन्यांत या सदराच्या वाचकांकडून जीं पत्रें आलीं, त्यांपैकीं बऱ्याच पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारलेला आहे: आमचा संगणक अजून धडधाकट असतां दुकानदार तो टाकून द्या म्हणतो, हें खरें काय? एका भगिनींनीं तर जरा रागानेंच लिहिलें आहे कीं, पितळेचें पातेलें तीन पिढ्या चालतें, शिवणयंत्र चाळीस वर्षें चालतें, मग हें एवढें महागाचें यंत्र आठ वर्षांत म्हातारें कां व्हावें? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर नुसत्या उपदेशानें देण्यापेक्षां आमच्या टेमघरास या वर्षीं जें घडलें तें सांगितल्यानें अधिक चांगलें समजेल.

टेमघर हें भिवंडीहून कल्याणास जाणाऱ्या रस्त्यावरचें आमचें गांव. गांव म्हणावयाचें तें सवयीनें. आतां तें शहरांत मिसळून गेलें आहे. यंत्रमागांवर व गोदामांत राबणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठीं येथें सायंकाळीं एक अभ्यासिका चालते. सेवानिवृत्तीनंतर आम्ही व आणखी तिघे गृहस्थ तिची देखरेख करितों. गेल्या दिवाळीनंतर एका व्यापाऱ्यानें आपल्या गोदामाच्या कचेरींतील सहा जुने संगणक अभ्यासिकेस दिले. देतांना तो प्रामाणिकपणें म्हणाला, "गुरुजी, हे आतां आमच्या कामाचे राहिले नाहींत. तुम्हांला नको असतील तर भंगारवाला सहांचे मिळून दीड हजार देतो आहे."

यंत्र म्हणून त्यांत कांहींही बिघाड नव्हता. गोष्ट अशी कीं, विंडोज १० या कार्यप्रणालीची सर्वसाधारण विनामूल्य देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. आणि तिच्या पुढची जी विंडोज ११, ती बसण्यास टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची चिप व बऱ्यापैकीं नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. जुन्या यंत्रांत या दोन्ही गोष्टी बहुधा नसतात. देखभाल संपणें म्हणजे यंत्र बंद पडणें नव्हे, हें वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. तें चालूच राहतें. मात्र त्याच्या कुलपांत उद्यां नवी खोट सांपडली तर ती दुरुस्त करण्यास कोणी येणार नाहीं. ज्या यंत्रावर पैशांचे व्यवहार होतात त्याच्या बाबतींत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

नाक्यावरच्या एका दुरुस्तीवाल्यानें लागलीच उपाय सुचविला. यंत्रामागें तीनशें रुपये घेऊन तो नव्या प्रणालीची 'क्रॅक' केलेली प्रत बसवून देण्यास तयार होता. आम्हीं विचारलें, "ही प्रत विकत घेतलेली आहे काय?" तो हंसला व म्हणाला, "सर, सगळे हेंच करतात." सगळे हेंच करितात हें खरें आहे, आणि दुःख त्याचेंच आहे. ज्या खोलींत आम्ही मुलांस दुसऱ्याच्या वहींत डोकावून उत्तर लिहूं नका म्हणून सांगतों, त्याच खोलींतील यंत्र चोरीच्या प्रतीवर चालवावें हें आमच्या मनास पटेना. शिवाय अशा प्रतींत आणखी काय भरून दिलेलें असतें, हें देणाऱ्यासही ठाऊक नसतें. आम्हीं त्यास नम्रपणें नकार दिला.

आमचा नातू कल्याणास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. तो म्हणाला, "आजोबा, डेबियन बसवूं या. आणि नुसती तयार तबकडी आणून नव्हे. आपल्या अभ्यासिकेपुरती आपली तबकडीच करूं." 'आपली तबकडी' हे शब्द ऐकून आम्हांस प्रथम थोडें हंसूं आलें. कार्यप्रणाली म्हणजे अमेरिकेंतील मोठमोठ्या कंपन्यांचें काम. ती टेमघरास दोन खोल्यांच्या घरांत कशी व्हावी? पण पुढें तीन आठवडे आम्ही त्याच्या शेजारीं बसून जें पाहिलें त्यावरून खात्री पटली कीं, ज्यास नीट यादी करितां येते व धीर धरितां येतो त्या कोणत्याही गृहस्थास हें काम साध्य आहे.

आधीं थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन नांवाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें असें जाहीर केलें कीं, ज्या आज्ञावलींवर यंत्र चालतें त्या वाचण्याचा, सुधारण्याचा व दुसऱ्यास देण्याचा हक्क वापरणाराला असला पाहिजे. त्यानें ग्नू नांवाचें कार्य आरंभिलें. १९९१ मध्यें फिनलंडांत हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्स हा प्रणालीचा गाभा लिहून सर्वांपुढें ठेविला. पुढें ऑगस्ट १९९३ मध्यें इयन मर्डॉक यानें डेबियन सुरू केलें. हें नांव त्याच्या व डेब्रा नामक त्याच्या प्रियेच्या नांवांचा समास होय. आधीं स्त्रीचें नांव व मग पुरुषाचें, जसें आपण सीताराम म्हणतों तसें. आवृत्त्यांस मात्र हे लोक लहान मुलांच्या बोलपटांतील खेळण्यांचीं नांवें देतात. सध्यांची तेरावी आवृत्ति ९ ऑगस्ट २०२५ रोजीं निघाली. तिचें नांव ट्रिक्सी, आणि ट्रिक्सी म्हणजे एक निळा डायनासोर! आम्हांस हें पोरकट वाटलें, पण अभ्यासिकेंतील मुलांस प्रणालीविषयीं पहिली आपुलकी वाटली ती याच डायनासोरामुळें, हें कबूल केलें पाहिजे.

आतां 'मुक्त' आणि 'फुकट' यांचा घोटाळा. या प्रणाली बहुधा फुकट मिळतात, म्हणून मुक्त म्हणजे फुकट असें पुष्कळ लोक समजतात. तसें नाहीं. चालविण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची व प्रति वांटण्याची मोकळीक, हा येथें मुक्त शब्दाचा अर्थ. ग्नूच्या परवान्यांत एक अट अशीही आहे कीं, तुम्हीं बदललेली प्रत दुसऱ्यास दिलीत तर तुम्हांस मिळालेले हक्क त्यासही द्यावयाचे; आपण पाणी पिऊन विहिरीवर झांकण घालावयाचें नाहीं.

पाण्याचा दृष्टांत सहज सुचला, कारण टेमघरकरास तो रोज डोळ्यांपुढें आहे. उल्हास नदीचें पाणी शहाडजवळ उचलून टेमघरच्या शुद्धीकरण केंद्रांत आणतात. तेथें तें निवळून व गाळून ठाणें, भिवंडी, मीरा-भाईंदर या शहरांकडे जातें. ज्या प्राधिकरणाकडे हें काम आहे त्याच्या नांवांतच शहाड व टेमघर हीं दोन्ही नांवें आहेत. डेबियनचें काम हुबेहूब असेंच चालतें. जगभरचे हजारों लोक आपापल्या आज्ञावली लिहितात, ती नदी. डेबियनचे स्वयंसेवक त्या गोळा करितात, तपासतात, एकमेकींशीं जुळवितात, आणि त्यांचे बांधीव संच करून ठेवितात. ताज्या आवृत्तींत असे सुमारें ६९,००० संच आहेत. त्याच साठ्यावरून पुढें इतर नळ निघाले: २००४ चें उबुंटू, आणि आपल्या सी-डॅक संस्थेचें २००७ चें बॉस, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स. या मंडळींच्या बोलींतही 'प्रवाहाच्या वरच्या अंगास' व 'खालच्या अंगास' असेच शब्द आहेत. मग आपण घरीं जी तबकडी करावयाची ती काय? तर केंद्राचेंच पाणी आपल्या तांब्याच्या हंड्यांत घेऊन त्यांत वाळा टाकावयाचा. पाणी तेंच, रुचि घरची.

वाळा टाकण्याची गरज कोणती, असें कोणी विचारील. तयार तबकडी मिळत असतां हा खटाटोप कशासाठीं? दोन कारणें होतीं. एक म्हणजे, तयार लहान तबकडी यंत्रावर जेमतेम पाया बसविते व बाकीचें सर्व इंटरनेटवरून ओढून घेते. अभ्यासिकेंत इंटरनेट म्हणजे आमच्यापैकीं कोणाचा तरी फोन. सहा यंत्रांनीं प्रत्येकीं दोन-दोन गिगाबाईट ओढावयाचे म्हणजे फोनवाल्याच्या महिन्याच्या शिध्यावरच घाला. दुसरें कारण आमच्या दृष्टीनें अधिक मोठें होतें. या मुलांतील बहुतेकांच्या घरीं संगणक नाहीं. त्यांच्या आयुष्यांत पडद्यावर जीं पहिलीं अक्षरें उमटावयाचीं तीं त्यांच्या भाषेचीं असावीं, अशी आमची इच्छा होती. हें केवळ स्वप्न नव्हे. केरळ सरकारनें शाळांसाठीं याच जातीची स्वतःची प्रणाली तयार केली असून २०१९ सालीं ती दोन लाखांवर संगणकांवर चालत होती. आम्हांस सहांवर चालवावयाची होती.

आतां कृति. यासाठीं डेबियन चढविलेलें एक बऱ्यापैकीं यंत्र, तींस-चाळीस गिगाबाईट मोकळी जागा व लाइव्ह-बिल्ड नांवाचा संच एवढी सामग्री पुरते. रिकाम्या कप्प्यांत जाऊन त्यास एक आज्ञा दिली कीं तो कॉन्फिग नांवाचें एक कपाट उभें करितो. त्या कपाटाला खण असतात, आणि आपलें सारें काम म्हणजे योग्य वस्तु योग्य खणांत ठेवणें. एका खणांत संचांची यादी लिहावयाची, ओळीस एक नांव. वाण्याकडे चिठ्ठी धाडितात तशी. आमच्या यादींत प्रथम एक हलकें डेस्कटॉप आलें, कारण हीं यंत्रें चार गिगाबाईट स्मरणशक्तीचीं. त्याचें नांव एक्सएफसीई. नंतर मराठी कार्यसंच, लिब्रे ऑफिसचा मराठी भाग, फायरफॉक्सचा मराठी भाग, मराठी शब्दतपासणीचा कोश, लोहित टंक, लहान मुलांसाठीं जीकॉम्प्री, आकाशदर्शनासाठीं स्टेलॅरियम, मूलद्रव्यांच्या कोष्टकासाठीं कॅल्झियम, आणि किविक्स. हें किविक्स म्हणजे इंटरनेटवांचून विकिपीडिया वाचण्याची सोय. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तो सगळा एका धारिकेंत बांधलेला मिळतो, व ती एकदां आणिली कीं सहाही यंत्रांवर ठेवितां येते. नातवानें यादींत कांहीं खेळ घातले होते. आम्हीं त्यांतील दोन ठेविले, तीन काढले. बुद्धिबळ राहिलें.

दुसऱ्या खणांत जें ठेवावें तें तयार प्रणालींत जसेंच्या तसें उतरतें. तेथें स्केल नांवाचा एक पोटखण आहे; म्हणजे स्केलेटन, अस्थिपंजर. यंत्रावर नवा वापरणारा निर्माण झाला कीं त्याच्या घराचा सांगाडा यावरून घडतो. आम्हीं त्यांत सहा धड्यांचा एक मराठी टंकलेखन-पाठ ठेविला. प्रत्येक मुलाचें खातें उघडतांच तो पाठ त्याच्या पुढ्यांत हजर! तिसऱ्या खणांत छोट्या आज्ञा, ज्या बांधणी चालू असतां शेवटीं पार पाडावयाच्या. चौथ्या खणाविषयीं पुढें सांगतों, कारण त्यांत खरा विस्तव आहे.

सर्व ठेवून झालें कीं बांधणीची आज्ञा द्यावयाची व स्वस्थ बसावयाचें. यंत्र आधीं डेबियनच्या साठ्यावरून पायाचे संच आणितें, त्यांचें एक बंदिस्त घर रचितें, त्यांत यादींतील एकेक संच बसवितें, मग तें सारें घट्ट दाबून एका धारिकेंत बसवितें. पहिल्या वेळीं अडीच तास लागले, आणि दोन तास झाले असतां दिवे गेले. वाचकांस एवढेंच सुचवितों कीं, हें काम भरल्या बॅटरीच्या यंत्रावर करावें. सुदैवानें एकदां आणिलेले संच कोठारांत राहतात. दुसऱ्या खेपेस पाऊण तासांत काम झालें. हातीं जी धारिका येते ती तबकडीवर व पेन ड्राइव्हवर सारखीच लिहितां येते. तबकडी साध्या डीव्हीडीची असेल तर ४.७ गिगाबाईटच्या आंत बसलें पाहिजे. विकिपीडियाची धारिका आम्हीं त्यासाठींच वेगळी ठेविली.

धारिका झाली म्हणून लगेच तबकडीवर लिहूं नये. क्यूइमू नांवाच्या आज्ञावलीनें संगणकाच्या पोटांत दुसरा कल्पित संगणक उभा करितां येतो, व त्यांत तबकडी घालून पाहतां येते. वेदान्तांतील घटाकाशाचा दृष्टांत ज्यांनीं वाचला आहे त्यांस हें समजावयास अडचण पडूं नये. तेथें सर्व ठीक चाललें कीं मग धारिकेचा शा-२५६ ठसा काढावयाचा. हा चौसष्ट अक्षरांचा असतो, आणि एवढ्या मोठ्या धारिकेंत एक टिंब बदललें तरी सबंध ठसा बदलतो. आपल्या वैदिकांनीं पद, क्रम, जटा, घन असे पाठ लावून एक स्वर हलूं दिला नाहीं. हेतु तोच, साधन निराळें. तबकडी लिहून झाल्यावर तिच्यावरून ठसा पुन्हां काढून ताडून पाहावा. स्वस्त तबकड्या दगा देतात.

येथें एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. आमची तबकडी तयार होण्यापूर्वीं मुलांस नमुना दाखवावा म्हणून डेबियनची तयार तबकडी एका यंत्रांत घातली होती. आरंभीं जो पर्यायांचा फलक येतो त्यांतील दुसरी ओळ सातवींतल्या एका मुलानें निवडली. भाषांची लांबलचक यादी आली. तो एकेक नांव बोटानें वाचीत खालीं गेला, पुन्हां वर आला, आणि म्हणाला, "गुरुजी, मराठी नाहीं." त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती, नसायचीच, असा तो स्वर होता. आम्हांस तेंच लागलें.

वस्तुस्थिति अशी कीं, मराठी तेथें आहे. मुंबईच्या सी-डॅकमधील जनभारती प्रकल्पांतील मंडळींनीं २००६-०७ च्या सुमारास या स्थापकाचें मराठी भाषांतर केलें, व फेब्रुवारी २००९ मध्यें निघालेल्या लेनी या आवृत्तीपासून तें डेबियनमध्यें दाखल आहे. पण त्या फलकाची दुसरी ओळ नुसत्या अक्षरपटाची असते. लिनक्सच्या त्या साध्या पटावर जास्तींत जास्त ५१२ आकृति मावतात, आणि त्या एकीपुढें एक मांडण्यापलीकडे त्यास कांहीं येत नाहीं. रोमन लिपीचें त्यांत भागतें. देवनागरीचें कसें भागावें? 'स्त्री' या एका अक्षरांत तीन व्यंजनें व एक स्वर गुंतलेला. आणि र्‍हस्व इकार तर बोलतांना व्यंजनाच्या मागून येतो पण लिहितांना पुढें जाऊन बसतो. म्हणून मराठी, हिंदी, बंगाली, तामिळ इत्यादि भाषा फक्त पहिल्या, चित्रमय पर्यायांत दिसतात. आम्हीं यंत्र पुन्हां चालू करून त्या मुलास पहिली ओळ निवडावयास लाविली. मराठी सांपडतांच तो ओरडला, आणि बाकीचीं मुलें धांवत आलीं. आमच्या तबकडींत आम्हीं तो दुसरा पर्यायच ठेविला नाहीं, आणि भाषा विचारण्याचा प्रश्नही नाहीं. ती मराठींतच उघडते.

इकाराचा विषय निघालाच आहे तर आणखी चार ओळी. जुन्या टंकलेखनयंत्रावर आधीं वेलांटी मारावी लागे व मग अक्षर, कारण तेथें डोळ्यास दिसेल तो क्रम. युनिकोडांत मात्र साठवण उच्चाराच्या क्रमानें होते: आधीं 'क', मग 'इ', पडद्यावर जागा बदलण्याचें काम टंक व आकार देणारी आज्ञावली पाहतात. इन्स्क्रिप्ट कळफलकही उच्चारक्रमानेंच चालतो. ज्यानें बाराखडी नीट घोकली आहे त्यास तो चार दिवसांत येतो, हा आमचा सहा मुलांवरचा अनुभव आहे. आणि क पासून ह पर्यंतचे वर्ण युनिकोडांत आपल्या वर्णमालेच्याच क्रमानें मांडिलेले पाहून आम्हांस जो संतोष झाला तो नातवास समजला नाहीं. यादींत लोहितचा मराठी टंक मुद्दाम वेगळा घातला, कारण मराठी वळणाचा पाकळीचा 'ल' हिंदी वळणाहून निराळा आहे, व महाराष्ट्र शासनानेंही २००९ सालीं वर्णमालेचा निर्णय काढून मराठी वळण ठरवून दिलें आहे. टंकाची परीक्षा आम्हीं एका वाक्यानें घेतली: 'आचार्यांस पाट द्या, आचाऱ्यास पळी द्या.' रफार व अर्धा ऱ यांचा घोटाळा झाला तर पळी आचार्यांच्या हातीं जाते. घोटाळा झाला नाहीं.

आतां तो चौथा खण. स्थापना होतांना यंत्र दहा-बारा प्रश्न विचारतें: भाषा कोणती, कळफलक कोणता, घड्याळ कोणत्या देशाचें, आणि जुन्या साठ्याचें काय करावयाचें. या प्रश्नांचीं उत्तरें प्रीसीड नांवाच्या धारिकेंत आधींच लिहून ठेवितां येतात, म्हणजे तबकडी घातली कीं मनुष्यानें हात न लावतां सर्व पार पडतें. नातवास अर्थातच हेंच हवें होतें. "आजोबा, सहा यंत्रांना सहा वेळां तेंच उत्तर कशाला?" भाषा, कळफलक व घड्याळ यांच्या बाबतींत त्याचें म्हणणें आम्हांस मान्य झालें. शेवटच्या प्रश्नाच्या बाबतींत मुळींच नाहीं. कारण तेथें आधीं लिहून ठेवावयाचें उत्तर असें असतें कीं, यंत्राच्या तबकांत जें कांहीं असेल तें सर्व पुसून नवी मांडणी करावी. अशी तबकडी एकदां घराबाहेर पडली म्हणजे ती कोणाच्या यंत्रांत शिरेल याचा नेम नाहीं. आणि ती विचारणार नाहीं. उलट, गुप्त शब्दही त्या धारिकेंत लिहूं नये. ती धारिका वाटेल त्यास उघडून वाचतां येते. आम्हीं आग्रहानें हे दोन्ही प्रश्न विचारावयाचे ठेविले, व पुसण्याच्या प्रश्नाआधीं एक पाटी जोडली: 'पुढें गेल्यास या यंत्रावरील फोटो व कागदपत्रें नाहींशीं होतील. प्रत काढली आहे काय?' नातू दोन दिवस कुरकुरत होता.

महिन्याभरांत आमच्या शेजारणीच्या मुलानें ती तबकडी मागून नेली. घरचा जुना संगणक संथ झाला होता. तो नवा करून आईस चकित करावें, असा त्याचा बेत. रात्रीं साडेदहा वाजतां त्या माउली त्यास घेऊन आमच्या दारीं आल्या. पाटी मराठींत होती म्हणून मागून जातां जातां त्यांनीं ती वाचली व मुलाचा हात धरिला. "भाऊ, त्यांत ह्यांचे फोटो आहेत," एवढेंच त्या बोलल्या. त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वीं वारले. फोटोंची दुसरी प्रत कोठेंही नव्हती. दुसऱ्या दिवशीं नातवानें आमच्या तबकडीवरून प्रणाली न बसवितां नुसती चालविली (या जातीच्या तबकड्यांचा तो एक मोठा गुण आहे, यंत्रांतील साठ्यास हात न लावतां त्या स्मरणशक्तींतच चालतात), फोटोंच्या दोन प्रति दोन पेन ड्राइव्हवर काढिल्या, एक बाईंच्या हातीं दिली, एक त्यांच्या भावाकडे पाठविली, आणि मगच स्थापना केली. त्यानंतर पाटीविषयींची कुरकुर आमच्या कानांवर आलेली नाहीं.

घरीं हा प्रयोग करूं इच्छिणारांसाठीं दोन-तीन सूचना येथेंच देतों. फार जुनें, ३२ बिटांचें यंत्र असेल तर त्याचा नाद सोडावा. तेराव्या आवृत्तीपासून डेबियननें त्या जातीसाठीं स्थापनेची तबकडी देणें बंद केलें आहे. वायरलेस चालण्यास लागणारे यंत्रनिर्मात्यांचे खास तुकडे पूर्वीं वेगळे शोधावे लागत; २०२२ सालच्या मतदानानंतर डेबियनच्या मूळ तबकडींतच ते येतात, पण आपल्या यादींत ते स्वतः लिहावे लागतात. आयकर, बँका किंवा एखाद्या कचेरीचें खास काम विंडोजवांचून चालतच नसेल, तर घरचें एकुलतें एक यंत्र मोडून हा उद्योग करूं नये. जुनें दुसरें यंत्र घ्यावें. एका आवृत्तीची देखभाल, लांबविलेली मुदत धरून, साधारण पांच वर्षें होते. म्हणजे आमच्या सहा यंत्रांस, दुसरें कांहीं बिघडलें नाहीं तर, २०३० पर्यंत चिंता नाहीं. खर्च म्हणाल तर चार डीव्हीडी, दोन पेन ड्राइव्ह, आणि दोन यंत्रांच्या घड्याळाच्या गोल बॅटऱ्या. आठशें रुपयांच्या आंत.

सर्वच गोड आहे असें मात्र नाहीं. अभ्यासिकेंतील छपाईयंत्र या प्रणालीस अजून ओळख देत नाहीं. नातवाच्या परीक्षा झाल्यावर तें काम हातीं घ्यावयाचें आहे. दुसरें असें कीं, मराठी भाषांतर जेथें जुनें आहे तेथें तें भरघोस आहे, परंतु प्रणालीचे जे भाग मागाहून वाढले त्यांत इंग्रजी वाक्यें मधून मधून डोकावतात. भाषांतर करणारे हात कमी पडले, दुसरें काय! यावर मुलांनींच एक युक्ति काढिली. दारापाशीं एक वही टांगली आहे. पडद्यावर इंग्रजी शब्द दिसला कीं तो व तो कोठें दिसला तें वहींत लिहावयाचें, आणि शनिवारीं सर्वांनीं बसून त्यास मराठी शब्द शोधावयाचा. जमलेले शब्द नातू भाषांतरकारांच्या मंडळास पाठविणार आहे; तेथें कोणाचेंही साहाय्य घेतात, वय विचारीत नाहींत. आजपर्यंत एकतीस शब्द झाले. 'ट्रॅश' या शब्दावर मात्र दोन शनिवार वाद चालू आहे. आम्हीं 'कचरापेटी' सुचविलें. आठवींतल्या एका मुलीचा हट्ट 'केराची टोपली' असा आहे. तिचें म्हणणें, कचरापेटींत टाकलेलें गाडी येऊन घेऊन जाते, टोपलींतलें परत काढतां येतें.